ट्रामवाल्यांची उल्याना

नववीत माझ्या भूगोलाच्या वहीला रशियन मासिकाच्या कागदाचं कव्हर होतं. तेव्हा दापोडीत घरोघरी हीच पद्धत. ते मासिक स्वस्तात यायचं, कागद जाड आणि गुळगुळीत, पावसात दप्तर भिजलं तरी कव्हर टिकायचं. अण्णा एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी सेक्शनला होते. त्यांच्या एका सोबत्याकडे जुन्या अंकांचा गठ्ठा असायचा, त्यातले चार-पाच जूनमध्ये आमच्याकडे यायचे. चांगलं चित्र कुणाच्या वहीला, यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. त्या वर्षी माझ्या वाट्याला बास्केटबॉल खेळणारी एक बाई आली. हात वर, चेंडू बोटांवर, आणि भोवतीच्या बायका जेमतेम तिच्या खांद्याला लागतात. खाली नाव छापलेलं होतं : उल्याना सेम्योनोव्हा, रिगा.

मी तेव्हा पाच फूट आठ इंच होते आणि पुढच्या वर्षभरात पाच-अकराला पोचणार होते. आमच्या चाळीच्या दारातून मी वाकून जायचे, आणि दारापुरतं वाकणं हळूहळू अंगात मुरलं. रस्त्याने चालताना, लोकलला उभी असताना, शाळेत प्रार्थनेला, सगळीकडे खांदे पुढे आणि मान खाली. आजी म्हणायची, “ताडासारखी वाढतीया, हिला नवरा कुठनं आणायचा?” आई बोलायची काही नाही, पण दर दिवाळीला माझ्या स्कर्टची दुमड उसवून एक बोट खाली घ्यायची. माझ्यापेक्षा उंच बाई मी तोवर पाहिलीच नव्हती. ही तर ताठ उभी होती. ते कव्हर मी दहावीतही वापरलं, कडा फाटल्यावर आतून खळ लावून.

गेली पंचवीस वर्षं मी मुलींना बास्केटबॉल शिकवते. सकाळी एका शाळेत, संध्याकाळी मैदानावर. ती बाई कोण, कुठली, तिचं पुढे काय झालं, हे मी जमेल तसं गोळा करत गेले. तेच आज सांगायचं आहे.

लाटव्हिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश, राजधानी रिगा. सेम्योनोव्हा खेळत होती तेव्हा तो सोव्हिएत संघात होता. आज त्याची लोकसंख्या अठरा-एकोणीस लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत आपल्या पिंपरी-चिंचवडची सव्वासतरा लाख होती, म्हणजे दापोडीपासून निगडीपर्यंत जेवढी माणसं तेवढाच तो देश. पण १९३५ साली जिनिव्हात बास्केटबॉलची पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती याच लाटव्हियाने जिंकली. तीन-तीन जणांचं बास्केटबॉल टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं, तेव्हा पुरुषांचं सुवर्णही त्यांचंच.

उल्याना ९ मार्च १९५२ची. लाटव्हियाच्या आग्नेय टोकाला डौगावपिल्स शहर आहे, त्या भागातल्या खेड्यातली. शाळकरी वयातच तिची उंची खेळाच्या माणसांच्या कानावर गेली आणि तिला रिगाला आणलं गेलं. पूर्ण वाढ झाल्यावर ती २.१३ मीटर भरली, म्हणजे आपल्या भाषेत सात फूट. बुटाचा युरोपीय नंबर ५८. आपल्या बाजारात पुरुषांचा दहा नंबर मागितला की डब्यावर ४४ लिहिलेलं असतं, त्यावरून अंदाज करा. खेड्यातल्या मुलीला एवढे बूट विकत कुठे मिळणार? ते बनवूनच घ्यावे लागतात, आणि बनवून द्यायला पाठीशी कुणीतरी असावं लागतं.

तिच्या पाठीशी होतं टीटीटी.

रिगाच्या या क्लबचं नाव मी कितीतरी वर्षं नुसतं वाचत होते. मग एकदा अर्थ कळला. टीटीटी म्हणजे ट्राम आणि ट्रॉलीबस ट्रस्ट, रिगा शहरात ट्रामगाड्या आणि विजेच्या बस चालवणारा उपक्रम. बायकांचा हा संघ १९५८ साली त्याच्या नावाने उभा राहिला. मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते निवृत्त झालेले होते, खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. हात थांबवून म्हणाले, “म्हणजे आपली एसटीच की गं.” दुसऱ्या दिवशी कार्यशाळेतले जुने सोबती भेटले तर त्यांनाही सांगून आले. आयुष्यभर ज्यांनी बसच्या सांगाड्यावर पत्रा चढवून रिव्हेट मारले, त्यांना ही गोष्ट आपल्या घरातली वाटली. मलाही तेव्हापासून ती बाई परकी वाटली नाही.

या ट्रामवाल्यांच्या संघाने केलं काय? युरोपातल्या अजिंक्य क्लबांचा चषक १९६० पासून १९८२ पर्यंत अठरा वेळा जिंकला. १९६४ ते १९७५ अशी सलग बारा वर्षं तो रिगाबाहेर गेलाच नाही. त्या अठरापैकी अकरा चषकांत उल्याना होती. शिवाय सोव्हिएत संघाची पंधरा राष्ट्रीय अजिंक्यपदं. प्रशिक्षक होते रायमोन्ड्स कार्निटिस. सोव्हिएत राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक होत्या लिडिया अलेक्सेयेव्हा, १९६२ ते १९८४. या दोघांच्या हाताखाली सात फुटांची एक अवघडलेली मुलगी खेळाडू झाली.

‘अवघडलेली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. उंच मुलगी मैदानावर पहिल्यांदा येते तेव्हा तिला स्वतःचे हातपाय परके असतात. पाय भराभर लांब झालेले, स्नायू त्या वेगाने वाढलेले नाहीत, गुडघे दुखतात, वळायला वेळ लागतो. लोकांना वाटतं उंची आहे म्हणजे झालं, रिंगेखाली उभी करा. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर. पाच-अकराच्या मुलीचा हात ताठ वर केला तर साडेसात फुटांपर्यंत जातो, सात फुटांच्या बाईचाही रिंगला पोचत नाही. मधलं अंतर पायांनी काढायचं, आणि पाय शिकवावे लागतात. त्यातला पहिला धडा पिव्होट : एक पाय रोवायचा आणि त्याच्यावर सगळं अंग फिरवायचं. रोवलेला पाय उचलून तसाच टेकलात तर शिट्टी.

सेम्योनोव्हाच्या सामन्यांची जुनी चित्रफीत आता मोबाइलवर मिळते. मी मुलींना ती थांबवून थांबवून दाखवते. ती पळत येत नाही, लांब ढांगांनी चालत आल्यासारखी येते. रिंगेला पाठ करून उभी राहते, एक हात वर करून चेंडू मागते. पास येतो तो डोक्यावरून. आता बघा, म्हणते मी. तिने चेंडू खाली आणला का? नाही. शिकाऊ मुलगी चेंडू मिळाला की आधी छातीशी आणते, तिथे बुटक्या मुलींचे हात टपलेलेच असतात. उल्यानाच्या हातात चेंडू कपाळाच्या वर आला तो वरच राहतो, पाय फिरतात, खांदा वळतो आणि चेंडू बोटांवरून बोर्डावर सुटतो. एवढंच. पण त्यामागे रोज सकाळ-संध्याकाळ कुणीतरी तिच्या पायांकडे बघत बसलेलं असणार, हे ज्याने शिकवलंय त्याला लगेच कळतं.

१९७६ साली माँट्रियलला बायकांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं. मीही त्याच वर्षीची. तिथे सोव्हिएत संघाने अमेरिकेला ११२–७७ असं हरवलं, त्यात उल्यानाचे ३२ गुण आणि १९ रिबाउंड. रिबाउंड म्हणजे हुकलेला चेंडू रिंगला किंवा बोर्डाला लागून परत येतो तो पकडणं. एका सामन्यात १९ म्हणजे काय, ते मैदानावर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. प्रत्येक वेळी दोन-तीन जणी अंगावर रेटत असतात आणि त्यांच्यातून जागा काढायची असते. तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये ती १९८४ साली आली. म्हणजे लांबून मारून सुटका नाही, सगळी लढाई रिंगेखाली. आणि चेंडू पुरुषांचाच, सात नंबरचा. आता आमच्या मुली सहा नंबरने खेळतात, तो थोडा लहान आणि हलका असतो.

रिंगेखालचा रंगवलेला भाग, जिथे हल्ला करणाऱ्या खेळाडूला तीन सेकंदांच्या वर थांबता येत नाही, तोही तेव्हा वेगळा होता. खाली रुंद, वर अरुंद, नववीच्या भूमितीतला समलंब चौकोन. २०१० पासून तो सरळ आयत झाला. पण दापोडीच्या आसपासच्या एका मैदानावर सिमेंटच्या कोर्टवर जुना चौकोन अजून दिसतो, पिवळा, पुसट, त्याच्यावरून नवा पांढरा आयत मारलेला. मी मुलींना सांगते, या पिवळ्या रेषेत उल्याना खेळली. म्हणजे अशाच रेषेत.

१९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये तिला दुसरं सुवर्ण मिळालं, अंतिम सामन्यात बल्गेरियावर १०४–७३. त्याच मॉस्कोत भारताचा पुरुष संघ खेळला होता, बारा संघांत बारावा आला. भारतीय बास्केटबॉल ऑलिम्पिकला पोचलं ते तेवढं एकदा, तेही अनेक देशांनी बहिष्कार घातला होता म्हणून. बायकांचा संघ अजून एकदाही नाही. १९८४ला सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला आणि उल्यानाचं तिसरं ऑलिम्पिक गेलं. जागतिक अजिंक्यपद मात्र तीनदा, १९७१, १९७५ आणि १९८३. अठरा वर्षं ती राष्ट्रीय संघातून खेळली आणि मोठ्या स्पर्धेतला एकही सामना हरली नाही.

आता पगाराचं. सोव्हिएत संघात व्यावसायिक खेळाडू असा प्रकार कागदावर नव्हताच. खेळाडू कुठल्या तरी संस्थेचे, कारखान्याचे, सैन्याचे, नाहीतर विद्यार्थी. पगार तिथून, काम मात्र खेळण्याचं. अमेरिकन आणि युरोपीय लोक याला फसवणूक म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही, कारण आपल्याकडे आजही असंच चालतं आणि आपल्या खेळाडू त्याच आधारावर जगतात. भारतातल्या बायकांच्या बास्केटबॉलचा कणा म्हणजे रेल्वे. केरळची गीतू अॅना जोस, सहा फूट दोन इंच, दक्षिण रेल्वेची नोकर. ती ऑस्ट्रेलियात रिंगवूड हॉक्स क्लबकडून खेळली आणि २०११ साली अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या बायकांच्या व्यावसायिक लीगमधल्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. हॅरिस पुलापलीकडची, पुण्याची शिरीन लिमये भारतीय रेल्वेकडून खेळते. २०१७च्या जुलैत बंगळूरला भारताने कझाकस्तानला ७५–७३ असं हरवून आशियाई चषकाची ब गटाची स्पर्धा जिंकली, त्या संघात ती होती. हांगझोऊच्या आशियाई खेळांत ती कर्णधार होती आणि संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. माझ्या मुलींना तिचं नाव पाठ आहे. रेल्वेची नोकरी नसती तर यातलं किती झालं असतं, हा प्रश्न मी त्यांच्यासमोर काढत नाही, त्यांच्या आयांसमोर काढते.

कारण मला उत्तर माहीत आहे. १९९५ साली एका सरकारी उपक्रमाच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीत माझं नाव यादीत लागलं होतं. चाचणी झाली, वैद्यकीय झाली, अण्णांनी पेढेही वाटले. मग दोन ओळींचं पत्र आलं की भरती स्थगित केली आहे. दोन वर्षं मी रोज सकाळी हॅरिस पुलाच्या बाजूने पळून येत होते, कधीही बोलावणं येईल म्हणून. आलं नाही. अठ्ठ्याण्णवला लग्न झालं. नवरा माझ्यापेक्षा दोन इंच कमी आहे, त्याने तो विषय आजवर काढलेला नाही. आजीची काळजी फुकट गेली. खेळायचं मात्र राहिलं, आणि ते अजून सलतं.

उंच अंगाला जागा मिळाली तर काय होतं, याचं एक उदाहरण दापोडीच्या भिंतीआडच आहे. सीएमईच्या, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात लष्कराचं रोइंगचं केंद्र आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१२ साली फौजेत आला, तोवर त्याने वल्हं हातात धरलेलं नव्हतं. लांब हातापायांचा मुलगा, त्याला बोटीत बसवला. चार वर्षांनी तो रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी स्कल्समध्ये तेरावा आला, आणि २०१८ला पालेमबांगला चौघांच्या बोटीतून आशियाई सुवर्ण. आम्ही भिंतीच्या बाहेरून बस पकडत होतो तेव्हा आत तो पाण्यावर होता. जेवण, कपडे, पगार, शिकवणारा माणूस, सगळं एका जागी.

लाटव्हियाचं आजचं मोठं नाव आहे क्रिस्ताप्स पोर्झिंगिस. लिएपायाचा, २.२१ मीटर. घरातच बास्केटबॉल. २०१० साली, पंधराव्या वर्षी, तो स्पेनमध्ये सेव्हियाच्या क्लबात गेला. त्याच वर्षी पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग, चौदा वर्षांचा, फ्लोरिडातल्या अकादमीत गेला. अमेरिकेच्या एनबीए या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या २०१५च्या खेळाडू-निवडीत दोघं एकाच रात्री होते. पोर्झिंगिस चौथा, सतनाम बावन्नावा, या निवडीत नाव लागलेला पहिला भारतीय. आम्ही दापोडीत मिठाई आणली होती. सतनामला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. पोर्झिंगिसने २०१८ला गुडघ्याचं अस्थिबंधन फाटून पुढचा सगळा हंगाम घालवला, परत उभा राहिला आणि २०२४ला बॉस्टनच्या संघाबरोबर एनबीएचं अजिंक्यपद जिंकलं.

त्याच्या गोष्टीतला एक भाग मी आयांच्या बैठकीत दरवर्षी सांगते. सेव्हियात गेल्यावर तो सतत थकलेला असायचा, लोकांना वाटायचं पोरगा आळशी आहे. तपासणी केली तर रक्तात लोह कमी, अॅनिमिया. उपचार झाले आणि मुलगा बदलला. इथे माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलींत चार-पाच जणी दुसऱ्याच फेरीत धापा टाकतात, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या तर आतून पांढुरक्या. त्यांना ओरडायच्या आधी हिमोग्लोबिन बघून आणा, एवढं मी म्हणते. ज्या आया ऐकतात त्यांच्या मुली महिना-दोन महिन्यांत वेगळ्या खेळतात. हे मी पाहिलंय.

उल्यानाला सोव्हिएत संघाबाहेर पैसे घेऊन खेळायची परवानगी मिळाली ती १९८७ साली, पस्तिसाव्या वर्षी. एक हंगाम स्पेनमध्ये टिंटोरेट्टो संघाकडून, पुढचा फ्रान्समध्ये व्हालेन्सिएनकडून. ज्या वयात गुडघे बोलायला लागतात त्या वयात ती पहिल्यांदा व्यावसायिक झाली. पुढे १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं, अमेरिकेबाहेरची पहिली बाई म्हणून. पण मला तिचं त्यानंतरचं काम जास्त जवळचं वाटतं. लाटव्हिया स्वतंत्र झाल्यावर तिने जुन्या खेळाडूंसाठीच्या ऑलिम्पिक सामाजिक निधीचं काम हातात घेतलं. ज्यांनी पदकं आणली आणि मग आजारपणात, एकटेपणात मागे पडले, त्यांच्या औषधपाण्याची, पेन्शनची तजवीज. आपल्याकडेही राष्ट्रीय स्पर्धा खेळलेल्या बायका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्गणी गोळा करताना मी बघितल्या आहेत. तेव्हा मला ही सात फुटांची बाई कार्यालयात बसून कुणाच्या तरी फायलीवर सही करताना दिसते.

या जूनमध्ये फुगेवाडीची एक मुलगी माझ्याकडे आली आहे. तेरा वर्षांची, पाच फूट नऊ. आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. पहिल्या दिवशी मुलगी मैदानाच्या कुंपणाला टेकून उभी होती, खांदे पुढे, मान खाली, अगदी माझ्यासारखी. पायात भावाच्या चपला, कारण बायकांच्या बुटांत तिचा नंबर नाही. आम्ही तिघी पिंपरी कँपात गेलो. चौथ्या दुकानात पुरुषांचा नऊ नंबर बसला, निळा, टाचेला थोडा सैल. आईने भिशीचे पैसे मोजले. दुकानातून बाहेर पडल्यावर मुलगी पुढे गेली तशी आई हळूच म्हणाली, “मॅडम, अजून वाढंल का हो ही?”

“वाढेल,” मी म्हणाले. “वाढू द्या.”

मैदानावर दोन रिंगांपैकी एकच शाबूत आहे, म्हणून आम्ही तीन-तीन जणींच्या तुकड्या लावतो. तिला मी पिवळ्या चौकोनाच्या टोकाला रिंगेकडे पाठ करून उभी करते आणि लांबून डोक्यावर पास टाकते. अजून ती चेंडू छातीशी आणते. सहाव्या-सातव्या वेळी कालच एकदा नाही आणला. डावा पाय रोवला, फिरली, पण रोवलेला पाय टाचेतून सरकला. मी शिट्टी वाजवली आणि तिला परत त्याच जागी उभं राहायला सांगितलं.